हिवाळी शिबिरं आणि तरुणांचं मन : बीड जिल्ह्यात मदत कुठे, कशी मिळते

बीड : दसरा झाला की जिल्ह्यातले कोयते गाव सोडतात. ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि बारावी-कॉलेजची पोरं. परीक्षा, उचलीचं कर्ज, पडलेला कापसाचा भाव, भरतीत हुकलेला नंबर, सगळं त्यांच्याच डोक्यावर. आणि बोलायला घरात आई-बाप नाहीत.

याच दिवसांत राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरं गावागावांत भरतात. ही योजना 1969 ची. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम हा ठरलेला साचा. 12 जानेवारीला जिजाऊ जयंती आणि राष्ट्रीय युवा दिन, त्यापाठोपाठ युवा सप्ताह. जानेवारीतच रस्ता सुरक्षा अभियान. त्यामुळे आरोग्य, सुरक्षा आणि मन हे तिन्ही विषय एकाच मांडवात घेता येतात. अडचण एवढीच, की हार-सत्कारात वेळ जातो आणि मनाच्या विषयाला शेवटची दहा मिनिटं उरतात.

विषय दहा मिनिटांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 जणांनी आत्महत्या केली. त्यातले 22,746 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. देशभरात गेलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक 18 ते 30 वयाचे होते.

शिबिरात आधी एक गैरसमज काढावा लागतो : थेट विचारलं तर पोराच्या डोक्यात नको ते येईल. तसं होत नाही. "जीव नकोसा वाटतोय का?" असं सरळ विचारल्यानं उलट मोकळं व्हायला वाट मिळते. झोप उडणं, जेवण तुटणं, मित्रांना टाळणं, आवडती वस्तू देऊन टाकणं, "माझ्यावाचून कुणाचं अडत नाही" असं बोलणं, ही लक्षणं मित्रांनाच आधी दिसतात. ऐकून घ्यायचं, वाद घालायचा नाही, एकटं सोडायचं नाही. घरातली शेतीऔषधं कुलपात ठेवायची, किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. टोकाची वेळ पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती टळली तर माणूस वाचतो.

दुसरी भीती पोलीस केसची. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर येते. तरी अजून घरचे लपवतात, आणि त्यात दवाखान्याला उशीर होतो.

बाहेरच्या सुरक्षेचा भागही कोरडा नाही. रब्बीत लाईट रात्रीच्या पाळीला आली की ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायला तरणी पोरंच जातात. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून एकट्यानं रानात जाऊ नये हे सांगावं लागत नाही, पण पाळलंही जात नाही. दोघांनी जावं, बॅटरी आणि काठी जवळ ठेवावी, बिबट्या दिसला तर वन विभागाला 1926 वर कळवावं. उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसेल तर अंधारात दुचाकीवाल्याला ती दिसतच नाही. रिफ्लेक्टर लावणं हे शिबिरातल्या पोरांनी एका दुपारी उरकण्यासारखं काम आहे.

मदतीचे पत्ते जवळचेच आहेत. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे मानसोपचार मिळतो. शेतकरी कुटुंबांसाठी 2015 पासून 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आहे, त्यात बीडही येतं; आशाताई घरी येऊन प्रश्न विचारतात, तेव्हा 'सगळं बरंय' म्हणून त्यांना परत लावू नये. फोनवर बोलायचं तर टेलिमानसचा 14416, रात्रंदिवस आणि फुकट, मराठीतही. राज्याची आरोग्य सल्ला सेवा 104. जीव धोक्यात असेल तर थेट 108 किंवा 112. अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098.

शिबिराच्या मांडवात बसलेल्यांना हे कळतं. बारावी सोडून कोयत्याला गेलेला पोरगा तिथं नसतोच. 14416 देशभर चालतो, कर्नाटकातल्या फडावरूनही लागतो. टोळी निघण्याआधी, दसऱ्याच्या आतच, मुकादमाच्या आणि पोरांच्या मोबाईलमध्ये तो टाकून देता येतो.