सुधारणा कुणाची? अमेरिकेतल्या सरकारी खर्चाच्या होम केअरचा शंभर वर्षांचा हिशेब



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर न्याय आणि वेदान्त शिकवलात, आणि आता सरकारी फॉर्मवर बोलणार?" आम्ही म्हटलं, हो, फॉर्मवरच बोलणार. कारण माणसाला काय मोलाचं वाटतं हे त्याच्या ग्रंथांत जेवढं सापडतं, तेवढंच त्याने छापलेल्या रकान्यांतही सापडतं. ग्रंथात आपण जपून लिहितो. रकाना पाडताना आपण गाफील असतो.

विषय असा. सरकारच्या पैशाने आजारी, वृद्ध माणसाच्या घरी नर्स किंवा थेरपिस्ट पाठवणाऱ्या संस्था अमेरिकेत हजारोंनी आहेत. या संस्थांना आपलं काम सुधारण्याचा आराखडा करावा लागतो: काय बिघडलं, का बिघडलं, कोण काय करणार, कधीपर्यंत करणार, आणि सुधारलं हे कशावरून कळणार. ऐकायला कोरडं वाटतं. पण 'सुधारलं हे कशावरून कळणार' या शेवटच्या प्रश्नात सगळी गोम आहे. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षं हिशेबनिसाने दिलं आणि अंथरुणावरच्या माणसाला ते फार उशिरा विचारलं गेलं.

घरचीच गोष्ट आधी सांगतो. २०१० साली आम्ही न्यू जर्सीला ताईकडे दोन महिने राहिलो. मेहुण्यांना पार्किन्सन्स होता. आठवड्यातून दोनदा एक फिजिओथेरपिस्ट यायची, त्यांना उभं करायची, वळायला शिकवायची, पाऊल कसं उचलायचं ते पुन्हापुन्हा करून घ्यायची. एके दिवशी ती जरा संकोचून म्हणाली की आता भेटी थांबतील, कारण प्रगती थांबली आहे. तिने शब्द वापरला 'प्लॅटो'. मेहुणे इंजिनियर, विनोदी स्वभावाचे. आम्हाला मराठीत म्हणाले, "ऐकलंस? आम्ही पठारावर पोचलो. आता गाडी परत." ताई मात्र हसली नाही. तिचा प्रश्न साधा होता: "अहो, हा आजार चढाचा नाहीच, उताराचा आहे. पठारावर उभे आहेत हेच मोठं नाही का?"

भेटी थांबल्या. तीन महिन्यांनी मेहुणे बाथरूममध्ये पडले. भेटी चालू असत्या तर ते पडलेच नसते, असं आम्ही म्हणणार नाही. ते सिद्ध करता येत नाही. का करता येत नाही, याकडे पुढे येऊ.

आता इतिहास. १८९३ साली लिलियन वाल्ड नावाची तरुण नर्स न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत, घरोघरी जाऊ लागली. त्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट उभं राहिलं. पैसा देणगीदारांचा होता आणि हिशेब माणुसकीचा. १९०९ साली मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने वाल्ड यांच्याशी करार केला: आमच्या विमेदारांच्या घरी तुमच्या नर्सेस जाऊ द्या, प्रत्येक भेटीचे पैसे आम्ही देऊ. कंपनीचा विचार सरळ होता. विमेदार जगला तर दाव्याची रक्कम लांबते. योजना देशभर पसरली आणि लाखो कष्टकरी घरांत प्रथमच प्रशिक्षित नर्स पोचली. हे श्रेय कंपनीला द्यायलाच हवं.

पण भेट मोजली जाऊ लागली, आणि मोजणीबरोबर निवडही आली. न्यूमोनियाचा रुग्ण, बाळंतीण: इथे दहा भेटींत निकाल दिसतो. पक्षाघाताचा म्हातारा वर्षानुवर्षं तसाच. अशा दीर्घ आजाऱ्यांच्या बाबतीत कंपनीचा हात आखडता राहिला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने योजना बंद केली. बरा न होणारा माणूस हिशेबात बसत नाही, हा धडा त्या वेळीच दिसला होता. कुणी गिरवला नाही, एवढंच.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पासष्टीच्या पुढच्यांसाठी सरकारी आरोग्य विमा. त्यात होम केअर होतं, पण रुग्णालयाची शेपटी म्हणून: माणूस घराबाहेर सहज पडू न शकणारा हवा, काम प्रशिक्षित हाताचं हवं, आणि तेही अधूनमधून लागणारं. ऑपरेशन झालं, घरी आला, चार आठवड्यांत हिंडूफिरू लागला, असा रुग्ण डोळ्यापुढे ठेवून घडवलेली व्यवस्था. १९८०च्या कायद्याने आधी रुग्णालयात राहण्याची अट आणि भेटींची मर्यादा काढली. दार मोठं झालं, पण चौकट तीच राहिली.

त्याच सुमारास दुसरीकडे एक विचार तयार होत होता. बैरूटला जन्मलेले आर्मेनियन डॉक्टर अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ साली एक निबंध लिहिला. वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तपासायची तर तीन ठिकाणी पाहा, असं ते म्हणाले: रचना, प्रक्रिया आणि फलित. संस्थेत नर्सेस किती, ही रचना. त्या काय करतात, ही प्रक्रिया. रुग्णाचं काय झालं, हे फलित. आज जगभरचे आराखडे याच तीन खणांत भरले जातात. दुसरा धागा कारखान्यातून आला. बेल कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण आलेख मांडला. त्यांचा विचार पुढे नेणाऱ्या डेमिंग यांनी १९५० साली तो जपानी उद्योजकांना शिकवला: ठरवा, करून पाहा, तपासा, बदला, पुन्हा ठरवा. दोष कामगारात शोधू नका, कामाच्या पद्धतीत शोधा. हा विचार आम्हाला नैतिकदृष्ट्या फार मोठा वाटतो.

पण टेलिफोनच्या सुट्या भागाला म्हातारपण नसतं. कारखान्याचं चक्र आजारी घरात आणलं, तेव्हा हा फरक कुणी नीट विचारात घेतला नाही.

१९८७च्या कायद्याने तपासनिसांना सांगितलं की नुसते कागद पाहू नका, रुग्णांच्या घरी जा. फार चांगली गोष्ट. पुढे १९९९पासून 'ओएसिस' नावाची प्रश्नावली सक्तीची झाली. नर्स पहिल्या भेटीत आणि शेवटच्या भेटीत तीच माहिती भरते: चालता येतं का, आंघोळ करता येते का, खाटेवरून उठता येतं का, गोळ्या स्वतः घेता येतात का. दोन उत्तरांतला फरक म्हणजे फलित. २००३पासून हे आकडे लोकांसाठी प्रसिद्ध होऊ लागले आणि २०१५ साली संस्थांना हॉटेलासारखे तारे मिळू लागले. आता लक्ष द्या. तारे ठरवताना जे पाहिलं जाई त्यात चालण्यात सुधारणा, आंघोळीत सुधारणा, उठण्यात सुधारणा असे मापदंड होते. 'होता तसा टिकला' हा हिशेब संस्थांना मिळणाऱ्या अहवालांत होता. ताऱ्यांत नव्हता.

पैशाची बाजूही पाहू. १९९०च्या दशकात मेडिकेअरचा होम केअरवरचा खर्च चौपटीहून अधिक वाढला, लबाडीही उघडकीस आली. १९९७च्या कायद्याने पैशाला कात्री लावली. तेव्हा दहा हजारांवर संस्था होत्या. तीन-चार वर्षांत त्यातल्या सुमारे तीन हजार नाहीशा झाल्या. २०००पासून भेटीमागे पैसे देणं बंद होऊन साठ दिवसांचे एकरकमी पैसे सुरू झाले. त्यात एक पायरी ठेवली: थेरपीच्या दहा भेटी झाल्या की रक्कम वाढणार. मग काय झालं? दहा भेटी मिळणारे रुग्ण एकाएकी पुष्कळ झाले. २००८ साली पायऱ्या बदलून सहा, चौदा आणि वीस केल्या, तर गर्दी नव्या आकड्यांपाशी सरकली. सिनेटच्या समितीने २०११ साली यावर अहवाल काढला. रुग्णांचे गुडघे काही सरकारी परिपत्रक वाचत नाहीत, मित्रहो! आकडा एकदा ध्येय झाला की तो माप म्हणून निकामी होतो, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनाबद्दल म्हटलं होतं. ते पायांनाही लागू पडलं.

मग ते प्रकरण आलं, ज्यासाठी आम्ही हा सगळा प्रवास केला. २०११ साली व्हर्माँटच्या संघराज्य न्यायालयात एक दावा दाखल झाला, 'जिमो विरुद्ध सेबेलियस'. व्हर्माँटमधली एक वृद्ध स्त्री, तिच्यासारखे इतर रुग्ण आणि काही संघटना. तक्रार अशी की सुधारण्याची शक्यता नाही म्हणून आमची सेवा नाकारतात, आणि ही अट कायद्यात कुठेच नाही. ती खरोखरच नव्हती. तपासणाऱ्यांच्या सवयीत ती होती. जानेवारी २०१३मध्ये न्यायालयाने तडजोड मान्य केली: प्रशिक्षित सेवेची गरज असेल, तर प्रकृती टिकवण्यासाठी किंवा घसरण हळू करण्यासाठीही मेडिकेअरने पैसे द्यायचे. ताईचा प्रश्न न्यायालयात पोचला होता. न्यू जर्सीत तिला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उशीर झाला रे."

पुढचा भाग आणखी बोलका. तडजोड झाली तरी सवय सुटेना. सरकारने लोकांना नीट कळवलंच नाही, अशी तक्रार पुन्हा न्यायालयात गेली. २०१७च्या फेब्रुवारीत न्यायालयाने सरकारलाच दुरुस्तीचा आराखडा अमलात आणायला लावला: खुलासा प्रसिद्ध करा, अट नाही हे स्पष्ट शब्दांत सांगा. जे खातं हजारो संस्थांकडून आराखडे मागतं, त्याच्याच हातात न्यायाधीशांनी आराखडा ठेवला. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याच खात्याने नियम काढला होता की प्रत्येक होम केअर संस्थेने गुणवत्ता सुधारण्याचा स्वतःचा कार्यक्रम चालवलाच पाहिजे. तो २०१८पासून लागू झाला.

आता विद्यार्थ्याला दिलेलं वचन पाळतो आणि न्यायदर्शनाकडे येतो. आपल्या नैयायिकांनी अभावाला खरा पदार्थ मानलं. जमिनीवर घडा नाही, हे 'नसणं' आपल्याला कळतं, ते ज्ञान आहे. पण त्यांनी एक अटही घातली. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. घडा ठाऊक नसेल तर घड्याचं नसणंही कळणार नाही. ज्याचा अभाव, त्याला ते प्रतियोगी म्हणतात. न झालेली जखम, न पडलेला माणूस, न करावी लागलेली रुग्णालयाची फेरी हे सगळे अभाव आहेत आणि चांगल्या शुश्रूषेचं अर्धं फळ या अभावांत असतं. ते दिसायचं तर प्रतियोगी आधी लिहून ठेवायला हवा: काही केलं नाही तर या माणसाचं सहा महिन्यांत काय होईल? मेहुण्यांच्या बाबतीत हे कुणी लिहिलंच नव्हतं. म्हणून त्या थेरपिस्टचं काम कागदावर शून्य दिसलं, आणि म्हणूनच तिच्या जाण्याने काय गमावलं हेही सिद्ध करता आलं नाही.

मग आराखडा कसा असावा? आम्ही व्यवस्थापनाचे पंडित नाही, पण इतिहासातून चार गोष्टी निघतात. एक, दुखणं एकच निवडा. पडणं म्हणा, औषधांचा घोळ म्हणा. वीस उद्दिष्टांचा आराखडा कपाटासाठी असतो. दोन, कारण शोधा, गुन्हेगार नको. रुग्ण पडतोय तो नर्सच्या आळसाने, की दोन घरांतलं अंतर चाळीस मिनिटांचं असून कागदावर पंधरा धरलंय म्हणून? दुसरं असेल तर नर्सला प्रशिक्षण देऊन काय उपयोग? तीन, रुग्णांचे दोन गट करा. ज्यांना चढायचं आहे ते वेगळे, ज्यांना टिकायचं आहे ते वेगळे. दुसऱ्या गटासाठी अपेक्षित घसरण आधी लिहा आणि मग तुलना करा. हा रकाना नसेल तर संस्था हळूहळू बरे होणारेच रुग्ण घेऊ लागेल आणि तिचा आलेख झकास दिसेल. चार, घरच्या माणसाला विचारा. भेटी थांबल्यावर ताईने एक वही केली होती. तारीख, औषधाची वेळ, पावलं किती, आणि शेवटी एक खूण: आज पडले नाहीत. तत्त्वज्ञान न शिकलेल्या बाईने अभाव मोजला होता.

मराठीत 'सुधारणा' हा शब्द आपल्याला आगरकरांपासून ओळखीचा. १८८८ साली त्यांनी पत्र काढलं त्याचं नावच 'सुधारक'. त्या शब्दात पुढे जाणं आहे आणि ते योग्यच आहे. पण समाजाला लागू असलेला शब्द ऐंशी वर्षांच्या देहाला जसाच्या तसा लावला की क्रूर होतो. संस्थेने सुधारलंच पाहिजे. तिच्या रुग्णाने सुधारलंच पाहिजे असं नाही. या दोन सुधारणांची गल्लत झाली, एवढीच या इतिहासातली चूक.

आपल्याकडे घरी येणाऱ्या मावशींचे पैसे बहुधा घरच देतं, त्यामुळे ना फॉर्म, ना आराखडा. उद्या सरकारी पैसा आला तर फॉर्मही येतील, आणि यायला हवेत, कारण लोकांच्या पैशाचा हिशेब लागतोच. तो फॉर्म तयार करायला तुमच्यापैकी कुणी बसलं असेल, तर पहिला रकाना पाडण्याआधी एखाद्या पठारावर उभ्या असलेल्या माणसाला भेटून या.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ या.