लाडबोरीचं कडं

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, आकाशातून धातूचं कडं पडलं. शनीसारखं कडं पृथ्वीला कायमचं का पेलवत नाही, ते या कड्याच्या शेवटच्या प्रवासातून कळतं.

चौदा महिने आधी
फेब्रुवारी 2021. चीनचं ‘चांग झेंग 3बी’ रॉकेट उपग्रह सोडतं. रिकामा तिसरा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहतो. कक्षेचं एक टोक सुमारे 35 हजार किलोमीटरवर, दुसरं दोनशेच्या आसपास. खाली आला की तो विरळ हवेला घासतो, थोडा वेग गमावतो आणि पुढच्या फेरीत तेवढा उंच जात नाही.

सकाळी पावणेआठ : बारा तास आधी
दारोदारी गुढ्या उभ्या राहत आहेत. वर त्या टप्प्याच्या आठेक प्रदक्षिणा उरल्या आहेत.

पृथ्वीभोवतीच्या दगडधोंड्यांच्या कड्यालाही हळूहळू खाली येण्याचा हाच नियम. ते बनतं असं : पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण 18 हजार किलोमीटरच्या आत ठिसूळ लघुग्रह आला, तर पृथ्वीची ओढ त्याला फोडते आणि तुकडे हळूहळू विषुववृत्तावर चपटं कडं धरतात. 46.6 कोटी वर्षांपूर्वी असं कडं होतं, अशी मांडणी मोनॅश विद्यापीठाच्या अँड्र्यू टॉमकिन्स यांनी 2024 मध्ये केली. आधार होता त्या काळातल्या 21 आघात-विवरांचा. ती सगळी तेव्हाच्या विषुववृत्तापासून 30 अंशांच्या आत आहेत. आपल्याकडचा, उदाहरणार्थ सोलापूरचा, काळा पाषाण जेमतेम 6.6 कोटी वर्षांचा, त्याच्याकडे ही साक्ष नाही. पण आज तसं रुंद कडं असतं, तर सोलापूरकरांना ते दक्षिणेच्या आकाशात कमानीसारखं दिसलं असतं आणि संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत, भर दुपारी त्याची सावली पडली असती.

संध्याकाळी सव्वासहा : दीड तास आधी
शेवटची प्रदक्षिणा. याच सुमारास न्यूझीलंडहून ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेट सुटतं, म्हणून पुढे काहींचा संशय तिकडे जातो.

दगडधोंड्यांच्या कड्याचा शेवटही असाच जवळ येतो. सूर्यप्रकाशामुळे बारीक धूळ वेग गमावून आत सरकते. आतली कड हवेला लागते. चंद्र आणि सूर्य कक्षा ढवळत राहतात. शनीकडे बर्फाचा प्रचंड साठा आहे. पृथ्वीपाशी सूर्य इतका जवळ, की कड्यात बर्फ टिकणार नाही.

पावणेआठच्या सुमारास
सेकंदाला सात-साडेसात किलोमीटरचा वेग. सोलापूर ते लाडबोरी हे सरळ रेषेतलं जवळपास पाचशे किलोमीटरचं अंतर या वेगाने मिनिटभराचं. गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्रातले लोक आकाशातून सरकणाऱ्या जळत्या रेघा पाहतात. अनेकांना उल्कावर्षाव वाटतो. हवेच्या दाबाने टप्पा फुटतो, बराचसा जळून जातो.

त्यानंतर काही मिनिटांत
लाडबोरीत गावजेवणाची तयारी चालू आहे. तांबड्या तबकासारखं दिसणारं कडं आकाशातून येतं आणि मोकळ्या जागेत धाडकन आदळतं. व्यास सुमारे तीन मीटर, त्या टप्प्याएवढाच. वजन चाळीस किलोंहून जास्त.

दुसरा दिवस
पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडतो. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल चांग झेंगच्या तिसऱ्या टप्प्याकडे बोट दाखवतात. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ गावात येऊन अवशेष तपासतात.

पृथ्वी कडं धरू शकते, कायमचं सांभाळू शकत नाही. आज आपणच तिच्याभोवती भंगाराचं वेष्टण विणत आहोत आणि खालच्या कक्षांतलं भंगार आज ना उद्या उतरणारच. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशाची. पण भरपाई नुकसानीनंतर मिळते. प्रत्येक टप्प्यात परतीपुरतं इंधन राखून तो निर्जन समुद्रात उतरवणं, ही अट सर्व देशांवर, आपल्यावरही, बंधनकारक हवी.

त्या रात्री लाडबोरीत कोणालाही इजा झाली नाही. कडं मोकळ्या जागेत पडलं, एवढंच त्याचं कारण.