मुक्तीच्या मळ्यावरचे पाव्हणे

सेवेला म्हणून निघालात, तर आधी घोडनदीच्या कोरड्या पात्रातून चालायची तयारी ठेवा. साल १९००, महिना मे. पात्रात वाळू तेवढी आहे. बायकांनी त्यात हातभर खोल झिरे खणलेत आणि नारळाच्या करवंटीने घागर भरायचं काम चाललंय. एक घागर भरायला किती वेळ लागतो हे बघत तुम्ही उभे राहता, तर एक म्हातारी तुम्हाला बाजूला सरकवते. तुमच्या पायाने वाळू ढासळते आहे.

तुमच्या काळात परदेशातल्या चर्चची मंडळी थोड्या आठवड्यांसाठी गरीब देशांतल्या शेतकऱ्यांच्या मदतीला जातात. वाफे खणतात, रोपं लावतात, मुलांबरोबर फोटो काढतात आणि घरी परततात. तसंच काही मनात धरून आला असाल, तर ते शिरूरच्या वेशीवरच ठेवा. इथे तुमच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं आहे. रेव्हरंड रिचर्ड विन्सर १८७०च्या दशकापासून इथे राहतात. त्यांच्या उद्योगशाळेला नाव आहे मुंबईच्या पारशी गिरणीमालकाचं, सर दिनशा माणेकजी पेटिट यांचं. धर्म अमेरिकेहून आलेला, पैसा पारशाचा आणि हात मराठी पोरांचे. बाहेर घायपाताची लागवड आहे. इथे काळाचा काटा जरा सैल ठेवा, दोन-चार वर्षं मागेपुढे झाली तरी चालेल, कारण वाखाचं काम बघण्यासारखं आहे. जाड, काटेरी पान बुडातून कापायचं, ठेचायचं, पाण्यात मुरवायचं, मग फळीवर धरून त्याचा गर खरवडायचा. रस मनगटावर ओघळला की अशी खाज सुटते की सेवेची पहिली हौस तिथेच फिटते. हाती राहतो तो पांढरा वाख. उन्हात वाळवून, पिळून त्याचा दोर होतो. पाऊस हुलकावणी देतो त्या साली ज्वारी करपते, घायपात बांधावर उभाच्या उभा राहतो आणि जनावरही त्याला तोंड लावत नाही. अवर्षणाच्या मुलखात यापेक्षा शहाणं पीक सुचवणं अवघड होतं.

शिरूर सोडण्याआधी कर्नल विल्यम वॉलेसची समाधी बघून घ्या. हा गोरा अंमलदार १८०९ मध्ये इथे वारला. लोक त्याला सत्पुरुष म्हणतात आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य आणून ठेवतात. विन्सरसाहेब बायबल घेऊन पाव शतकाहून जास्त काळ खेड्यापाड्यांतून फिरताहेत आणि दुसरा एक ख्रिस्ती गृहस्थ अवाक्षर न बोलता देव होऊन बसला आहे. मिशनरी मंडळींना याचं काय वाटत असेल, हे विचारायचा मोह आवरा.

पंडिता रमाबाईंच्या केडगावकडे जाणारी बैलगाडी न्हावऱ्यावरून निघते. गाडीवान बोलका आहे. उजाड शिवाराकडे आसुडाने खूण करत तो पंचाहत्तर सालची गोष्ट काढतो: सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ला कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, दस्तऐवज आणि वह्या जाळल्या, आणि बघता बघता ते लोण शिरूर आणि भीमथडी तालुक्यांत पसरलं. पुढे सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला. ‘कागद जळलं, पाव्हणं. कर्ज न्हाई जळलं,’ एवढं म्हणून तो बैलांना हाकारतो. वाटेत दुष्काळी कामावर माणसं खडी फोडताना दिसतात. पारगावजवळ भीमा लागते. एरवी तर लागली असती, आज गाडी सरळ पात्रातून पलीकडे चढते. पलीकडचा तालुका तुमच्या नकाशात दौंड आहे, गाडीवानाच्या तोंडी अजून भीमथडी.

केडगावची ओळख लांबूनच पटते, कारण एवढी माणसं या माळावर दुसरीकडे कुठेच नाहीत.

पंडिता रमाबाईंनी ही जमीन घेतली ती मुळात पोरींना ठेवण्यासाठी नव्हे. शंभर एकरांची बाग करायची आणि तिच्या उत्पन्नावर पुण्यातलं विधवांचं शारदा सदन चालवायचं, असा तो हिशोब होता. बोस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं होतं. दहा वर्षांनी काय, हा प्रश्न बाईंनी वेळीच स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर मातीत शोधलं. रेल्वे जवळ, विहीर खणायला वाव, वर फळझाडं. परदेशी मदतीवर चालणाऱ्या किती संस्था मदत सुरू असतानाच तिच्या शेवटाची तजवीज करतात? पण झाडं फळाला यायच्या आत माणसं आली. १८९६-९७च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी विधवा आणि पोरक्या मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग होता, त्यांना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग शेतातच तंबू ठोकले, गवताच्या खोपी उभ्या केल्या. पाठोपाठ पक्क्या इमारती आल्या आणि मुक्ती सदन उभं राहिलं. आता गुजरातेत दुष्काळ आहे आणि गाड्या भरभरून मुली येताहेत. वर्ष संपेल तेव्हा इथली माणसं १९००च्या घरात जातील.

हे घर बायकांचं. तुम्ही पुरुष असाल, तर तुमची पथारी बाहेर गड्यांच्या खोपटात. बाई असाल, तर आत जागा मिळेल, म्हणजे दोन मुलींच्या मधली हातभर जमीन. पहाटेची घंटा दोघांनाही सारखीच. अंधारातच जात्यांची घरघर सुरू होते. माणशी दोन भाकऱ्या धरा, तरी त्या १९०० माणसांच्या एका जेवणाला ३८०० भाकऱ्या होतील. तुम्ही खुंट्याला हात घालता आणि दहाव्या फेऱ्याला तुमचा दंड भरून येतो. समोर बसलेली पोर, जिचं डोकं उवांपायी परवाच भादरलेलं आहे, तुमच्याकडे बघत एकटीच जातं ओढत राहते. तिला काही विचारावं, तर तुमच्या मराठीचा उपयोग नाही. ती गुजराती बोलते. पलीकडची नरसिंहपूरकडून तीन वर्षांपूर्वी आलेली, ती हिंदीत मराठी मिसळते.

रमाबाई दिसतात त्या अंगणात. बेचाळीस वर्षांच्या, पांढरं सुती लुगडं, आखूड कापलेले केस, डोळे घारे. मदतीला आलोय, असं तुम्ही विनयाने सांगता. त्यांना ऐकू येत नाही. कानांनी इंग्लंडातच दगा दिला होता, डॉक्टर व्हायचं त्यांचं स्वप्न त्यापायीच बारगळलं. तुम्ही पुन्हा सांगता, मग आणखी मोठ्याने. तिसऱ्या वेळी ‘मदतीला आलोय’ हे तुमचे शब्द साऱ्या अंगणात घुमतात आणि भांडी घासणाऱ्या मुली वळून बघतात. ओरडून सांगितलं की हे वाक्य किती पोकळ वाटतं, ते तुम्हाला कळून चुकतं. बाईंबरोबरची देखरेखीची बाई तुमचे तळवे बघते आणि तुम्हाला विहिरीकडे धाडते.

विहिरीवर मोट चालू आहे. धावेवरून बैल खाली उतरतात तसा नाडा ताणला जातो, चाक करकरतं, कातड्याची मोट काठाशी येते आणि सोंदूर ढिला पडला की थारोळ्यात पाणी ओतते. मग मोटकरी बैलांना मागे रेटत पुन्हा विहिरीकडे नेतो. उतरताना तो नाड्यावर बूड टेकून बसतो, आपलं वजनही बैलांच्या कामी लावतो. तुम्हाला गंमत वाटते, बसून बघावंसं वाटतं. नका बसू. नाडा तुटला तर माणूस उताराच्या टोकाला जाऊन आपटतो. शिरूरचा तो दोर आता तुम्हाला वेगळ्या नजरेने आठवेल.

पाणी तळाशी गेलेलं आहे. प्रत्येक मोट अर्धीच भरून येते, तीही गढूळ. आधी स्वयंपाकघराचा हौद, मग जनावरं, मग उरलंच तर लहान कलमं. या दुष्काळात बाकीच्या विहिरी आटल्या तेव्हा दोन विहिरींवर साऱ्यांची भिस्त होती. संध्याकाळी त्या पार उपसलेल्या असत आणि सकाळी पुन्हा पाणी साठलेलं असे. रमाबाई आणि त्यांचे चरित्रकार यात देवाचा हात बघतात. तुमच्या काळातला भूगर्भवाला झऱ्यांची गोष्ट सांगेल. विहिरीवर उभं असताना मात्र दोन्ही बाजू कुणी मांडत बसत नाही, कारण रात्रीत पाणी चढलं का, हे बघायला पहाटे कंदील घेऊन कुणीतरी वाकलेलंच असतं.

तुम्हाला दारं धरायला दिलंय. काम सोपं दिसतं: पाट फोडायचा, आळं भरलं की बुजवायचा, पुढचं फोडायचं. पहिल्याच कलमाशी तुम्ही खोरं खोल मारता, बांध फुटतो आणि ओंजळी-ओंजळींनी वर काढलेलं पाणी भेगाळलेल्या रानात घुसून दिसेनासं होतं. कुणी रागावत नाही, हेच जास्त लागतं. नरसिंहपूरवाली पुढे होते, तुमच्या हातातून खोरं घेते आणि टाचेने चिखल दाबून दोन क्षणांत पाट जागेवर आणते. तिच्या बापाची पाच बिघे जमीन होती. हे ती बांध लिंपता लिंपता सांगते, जाताजाता.

इथली मेख हीच आहे. या मुली मिशनने शेती शिकवावी अशा नव्हत्या. कित्येकींचं अवघं बालपण शेतात गेलेलं, आणि दुष्काळाने त्यांच्याकडून घेतली ती जमीन, अक्कल नव्हे. बाईंनी त्यांना जमीन दिली. गाईम्हशी, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, अक्षरं या गोष्टी त्यावर चढत गेल्या. अमेरिकेहून आलेल्या बाया इथे आहेत. मिनी अब्राम्स ही मेथॉडिस्ट मिशनरी १८८७ला मुंबईत आली आणि १८९८ पासून केडगावला राबते आहे. पण त्या मदतनीस. कारभार मराठी बाईचा. परदेशी मिशन आणि देशी गरीब, या नेहमीच्या चित्रात हे घर बसत नाही.

आणि दुसरं एक चित्र आहे, तेही टाळू नका. दुपारच्या भाकरीआधी प्रार्थना आहे, संध्याकाळी भजनं आहेत. भाकरी देणारा हात आणि शुभवर्तमान देणारा हात एकच आहे. शारदा सदनातल्या मुलींवर धर्माचा प्रभाव टाकला जातो, यावरून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि ‘केसरी’ने बाईंना सोडलं नाही. टीका करणाऱ्यांची शंका निराधार नव्हती. फक्त १९०० साली केडगावच्या माळावर दुष्काळातल्या पोरींसाठी ३८०० भाकऱ्या दुसरं कोण थापत होतं, या प्रश्नाला पुण्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही १९००त उभे आहात, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानून जेवायला बसा. बाई स्वतः ख्रिस्ती झाल्या तरी इंग्लंडातही मांसाला शिवल्या नाहीत. जेवण साधं आहे, मीठ-मिरची वेगळी मागू नका.

पावसाळा उजाडतो. पहिल्या दमदार सरीनंतर तीन दिवस उघडीप मिळते आणि रानात वापसा येतो. आता घाई. बाजरी पेरायची आहे. गडी पाभर धरतो आणि मागे चाड्यावर मूठ धरून एक बाई चालते, चिमटीतून बी नळ्यांत सुटत राहतं. बैलाची चाल आणि बोटांची ढील यांचा मेळ बसला नाही, तर कुठे दाट, कुठे मोकळं. तुम्ही आग्रह करता. एवढे दिवस राहिलात, एक तास तरी पेरू द्या. नरसिंहपूरवाली ओटी सोडून बी तुमच्या पदरात किंवा धोतराच्या सोग्यात ओतते.

अर्ध्या तासाच्या आत तिने गडी थांबवलेला असतो. ती तुमच्या मागच्या काकरात बोट घालून माती उकरते आणि बाजरीचा पुंजका वर काढून दाखवते.

‘मूठ सैल आहे, पाव्हणं. बी वाया चाललं. तुम्ही तिकडं ढेकळं फोडा.’

बांधाच्या कडेला ढेकळं फोडायला तुमच्याआधी दोघी लागलेल्या आहेत. त्यांतली एक डोक्याला उन्हाची टोपी घातलेली अमेरिकन मिशनरी आहे. तिची मूठ सकाळीच सैल निघाली होती. ती तुम्हाला सरकून जागा देते आणि लाकडी मोगरी पुढे करते.