नाथसागरातला गाळ आणि गोदावरीचा चार हजार वर्षांचा हिशेब



उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी उतरलं की आमच्याकडं फुगवट्याला जेसीबी येतात आणि ट्रॉल्यांची रांग लागते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, दादा, हा गाळ येतो कुठून? धरण नव्हतं तेव्हा जायचा कुठं? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वरच्या कुणाच्या तरी रानाची वरची माती. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, थेट समुद्रापर्यंत जातं. तेच आज लिहितो.

आधी नदीकाठची दरड बघा. प्रवरेच्या किंवा गोदेच्या काठाला पुरानं कापलेली उभी दरड असते. तळाला गोट्यांचा, वाळूचा घट्ट झालेला थर. नेवाशाला याच थरात सांकलियांना अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली. त्याच्या वर पिवळसर, चुनखडे असलेली माती, आणि कुठं कुठं सगळ्यात वर काळसर पोयटा. एकेक थर म्हणजे नदीचा एकेक काळ. जोराचं पाणी गोटे लोटतं, मंद पाणी वाळू टाकतं आणि जवळपास थांबलेलं पाणी बारीक माती सोडतं. एवढा एक नियम ध्यानात ठेवला की पुढचं सगळं कळतं.

आपल्या भागात शेती करणारी माणसं साधारण चार हजार वर्षांपूर्वी स्थिरावली. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद, संगमनेरजवळचं जोर्वे, आपलं नेवासा, घोडनदीवरचं इनामगाव, ही त्या लोकांची गावं. इनामगावात तर पुराचं पाणी वळवायचा पाट आणि बांध सापडला. (या जुन्या गावांच्या टेकाडांना आपण पांढरी म्हणतो. तिथली माती खतासारखी म्हणून आपल्याच लोकांनी गाड्या भरभरून रानात टाकली. पिकं आली, पण कितीक पांढरी सपाट झाल्या.)

आता समुद्राकडं चला. २००६ साली बंगालच्या उपसागरात गोदावरीच्या मुखासमोर एका जहाजानं खोल तळाला छिद्र पाडून मातीचे नळकांडे वर काढले. शोध होता गॅस हायड्रेटचा, म्हणजे तळाखाली बर्फासारख्या रूपात साठलेल्या वायूचा. पण त्या गाळात आपला इतिहास निघाला. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास छापला. दख्खनच्या काळ्या पाषाणाची माती वेगळी आणि पूर्वेकडच्या जुन्या खडकांची वेगळी, हे त्यातल्या मूलद्रव्यांवरून ओळखता येतं. त्यांना दिसलं ते असं : आधी पाऊस जास्त होता, झाडी दाट होती, तेव्हा आपल्याकडची माती समुद्रात कमी जायची. मग मान्सून कमकुवत होत गेला, रान उघडं पडलं, त्यातच नांगरट वाढली आणि गेल्या तीन-चार हजार वर्षांत आपली काळी माती मोठ्या प्रमाणात वाहायला लागली.

निव्वळ शेतकऱ्याला दोष द्यायचं कारण नाही, दुष्काळी हवामान त्यात होतंच. पण उघड्या रानावर पडणारा वळवाचा पाऊस काय करतो ते आपण दर जूनला बघतो. काळी माती कणानं फार बारीक. एकदा पाण्यात उठली की लवकर बसत नाही, गढूळ पाण्याबरोबर शेकडो किलोमीटर जाते.

त्या मातीनं काय केलं? आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीचे फाटे होतात, गौतमी, वसिष्ठा, वैनतेया. त्यांच्या मधला सगळा सपाट, भाताचा आणि नारळाचा मुलूख नदीनं आणलेल्या गाळावर उभा आहे. त्यात आपल्या नाशिक-नगर-मराठवाड्याचाही वाटा आहे. पुढं काकीनाड्यासमोर समुद्रात वाळूची एक लांबलचक जीभ आहे, होप आयलंड म्हणतात. ती तर गेल्या दोनेकशे वर्षांतली. नदीनं वाळू आणली, लाटांनी किनाऱ्याच्या कडेनं सरकवली आणि पंधरा-सोळा किलोमीटरचा बांधच तयार झाला. त्याच्या आडोशाला काकीनाडा बंदर शांत पाण्यात राहिलं. शेजारचं कोरिंगा मात्र, जिथं एकेकाळी जहाजं बांधली जायची, गाळानं आणि वादळांनी मागं पडलं.

तिथं धवळेश्वरमला ऑर्थर कॉटननं १८४७ ते १८५२ मध्ये बंधारा बांधला. आंध्रात आजही त्याचे पुतळे आहेत. त्याचा बंधारा बुटका होता. पूर वरून जायचा, गाळ पुढं जायचा आणि कालव्यांतून थोडा रानातही जायचा. वाळू धुवून काढायला दरवाजे ठेवलेले होते. म्हणजे पाणी अडवलं पण गाळाची वाट पुरती बंद केली नाही.

बुटक्या बंधाऱ्यातही गाळ साचतोच म्हणा. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावरचा नांदूर मधमेश्वर बंधारा इंग्रजांच्या काळातला. गाळ भरत भरत तिथं बेटं झाली, दलदल झाली, पक्षी आले आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा ठरली. पक्ष्यांचं भलं झालं, साठवण मात्र गेली.

मोठ्या धरणाचं गणित वेगळं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हातून झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. एकूण साठा १०२ टीएमसी, त्यात २६ टीएमसी मृतसाठा. लोकांना वाटतं गाळ सगळा त्या मृतसाठ्यात बसतो, म्हणून काळजी नाही. तसं होत नाही. नदी धरणाच्या शेपटाला शिरते तिथंच तिचा वेग मोडतो. वाळू आणि जाड माती तिथंच, फुगवट्यात बसते, म्हणजे आपल्या वापराच्या पाण्याची जागा खाते. फक्त बारीक चिकण माती भिंतीपर्यंत पोचते.

आणि खाली काय झालं? गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर अशी कितीतरी धरणं झाली. आंध्रातल्या अभ्यासकांनी मोजलं, सत्तरच्या दशकात नदी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ त्रिभुज प्रदेशात आणत होती, नव्वदच्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला. १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत तिथल्या किनाऱ्याची १८०० हेक्टरांहून जास्त जमीन निव्वळ समुद्रात गेली. काकीनाड्याजवळच्या उप्पाडा गावात रस्ते, घरं लाटांनी तोडली. उप्पाड्याला कारण एकच नाही. होप आयलंडची आड आहे, बंदराची बांधकामं आहेत. पण समुद्र रोज नेणार आणि नदी आणून देणार नाही, तर काठ किती टिकणार? (नदीतल्या वाळूउपशाचं तर विचारूच नका.)

म्हणजे आपलं रान हलकं झालं, धरण उथळ झालं आणि किनाराही खचला. तिन्ही ठिकाणी तीच माती.

मुंबई प्रांतात १९४२ मध्येच जमीन सुधारणेचा कायदा झाला होता, समतल बांध घालायला. आपल्या आज्यांनी त्या बांधांना नावं ठेवली, रान अडतं म्हणाले. काही ठिकाणी ते मोडलेही. आज त्याच रानांचा मुरूम उघडा पडलाय. २०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे. चांगलीच आहे, पण वरचा बांध नसेल तर ट्रॉलीनं आणलेला गाळ दोन पावसाळ्यांत परत धरणात.

माझ्या दोन एकर मुरमाड तुकड्यात पाच वर्षांपूर्वी मी गाळ टाकला, आधी बांध धरून. तिथं आता पावसाच्या खंडातही तूर आठ-दहा दिवस जास्त तग धरते. ज्यांना टाकायचाय त्यांनी एवढं बघा : फुगवट्याच्या वरच्या टोकाचा गाळ बहुतेक वाळूचा निघतो, त्यावर भाडं घालवू नका. मधल्या पट्ट्यातला पोयटा हलक्या रानाला उत्तम. आधीच भारी काळं रान असेल तर टाकूच नका, पाणी साचून मुळ्या सडतील. गाळाची तपासणी आधी करा, क्षार जास्त निघाले तर ती खाण सोडा. आणि ढेकळं उन्हात तापून फुटू द्या, मगच पसरा. मे संपायला आला की ट्रॉल्या मिळत नाहीत, नंबर आत्ताच लावा.