सहाव्या स्थानींचें अमायनो आम्ल

वैनगंगेच्या खोऱ्यांतील गोंदिया जिल्हा हा धानाचा प्रदेश. कापणीचा विळा तेथें घरोघरीं असतो. रक्तांतील तांबड्या पेशींना त्याच विळ्याचा आकार आला म्हणजे जो रोग होतो, तो सिकलसेल. गोंदियासह पूर्व विदर्भांतील अनेक कुटुंबांस तो ठाऊक आहे. त्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन १९१० सालीं शिकागोच्या डॉ. हेरिक यांनीं प्रसिद्ध केलें. दोष हीमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे, हें १९४९ सालीं पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. पुढें १९५६-५७ सालीं केंब्रिज येथें इन्ग्रॅम यांनीं मूळ शोधलें: साखळींतील सहाव्या स्थानीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलीन. एवढ्याशा फरकामुळें प्राणवायु सुटतांच रेणू एकमेकांस चिकटतात, ताठरलेल्या पेशी बारीक वाहिन्या तुंबवितात आणि यकृतासारख्या इंद्रियांच्या पेशी प्राणवायूवांचून गुदमरतात. २०१७ सालीं अमेरिकेंत ग्लुटामीन या अमायनो आम्लास औषध म्हणून मान्यता मिळाली. त्यानें वेदनेचे झटके कमी होतात, मूळ दोष मात्र जात नाहीं. म्हणून विवाहापूर्वीं रक्त तपासणें अगत्याचें. वधूवर दोघेंहि वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.