मालवण परिसरातील स्नॉर्केलिंग

मालवण परिसरातील स्नॉर्केलिंग हा महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली व देवबाग किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात चालणारा जलपर्यटनाचा प्रकार आहे. डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात हवानळी धरून, पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत समुद्रतळाचे निरीक्षण करणे, असे त्याचे स्वरूप असते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या बुडीत खडकांवर जिवंत प्रवाळ आढळत असल्याने महाराष्ट्रात या छंदाचे हे प्रमुख केंद्र बनले आहे. हा परिसर मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. त्यामुळे पर्यटन, मासेमारी आणि संवर्धन या तिन्हींचे हितसंबंध येथे एकाच उथळ पट्ट्यात एकत्र येतात.

शब्द आणि साधने

'स्नॉर्कल' हा शब्द जर्मन भाषेतून आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांना पाण्याखाली राहूनच वरची हवा आत घेता यावी म्हणून बसवलेल्या नळीला हे नाव होते. मराठीत या छंदासाठी स्वतंत्र शब्द रूढ झालेला नाही. किनाऱ्यावर पाण्याखालील सर्वच प्रकारांना सरसकट 'स्कुबा' म्हटले जाते. प्रत्यक्षात दोन्हींत मूलभूत फरक आहे. स्कुबा डायव्हिंगमध्ये पाठीवरच्या टाकीतील दाबयुक्त हवा घेऊन माणूस खोल जातो, तर स्नॉर्केलिंगमध्ये तो पृष्ठभागावरच राहतो आणि वातावरणातील हवा घेतो.

हवानळीची लांबी साधारणतः ३५ ते ४० सेंटिमीटर असते. नळी हवी तितकी लांब करून खोल जाता येत नाही, याला दोन कारणे आहेत. पहिले, खोलीबरोबर पाण्याचा छातीवरील दाब वाढतो आणि सुमारे एक मीटर खोलीवरच पृष्ठभागावरील हवा आत ओढणे अत्यंत कष्टाचे होते. दुसरे, लांब नळीत उच्छ्वासाची हवा साचून राहते आणि तीच पुन्हा फुप्फुसात जाते, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो.

मुखवट्यामुळे डोळे आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा थर राहतो व दृश्य स्पष्ट दिसते. मात्र प्रकाशाच्या अपवर्तनामुळे वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या भासतात. खोलीबरोबर तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून काही मीटरांखाली सारे निळसर-हिरवट दिसते. पायांत घालायचे पंखे आणि तरंगण्यासाठी जीवरक्षक जाकीट ही उर्वरित साधने होत.

भौगोलिक पार्श्वभूमी

मालवणचा किनारा सलग वाळूचा नाही. वाळूच्या पुळणी आणि जांभ्याची टोके आलटून पालटून येतात आणि किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंत पाण्याखाली खडकांच्या रांगा पसरलेल्या आहेत. यांपैकी कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ला उभारला. त्याचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले व १६६७ मध्ये पूर्ण झाले. किल्ल्याच्या आसपासचे बुडीत खडक शत्रूच्या मोठ्या जहाजांना जवळ येऊ देत नसत. जलदुर्गाला नैसर्गिक तटबंदीसारखे लाभलेले हेच खडक आज प्रवाळांचा आधार आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गाचा समावेश आहे.

दक्षिणेस देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात नद्या व खाड्या गोडे पाणी आणि गाळ मोठ्या प्रमाणावर समुद्रात आणतात. प्रवाळाला स्वच्छ, खारे व उबदार पाणी लागते. त्यामुळे येथे लक्षद्वीपसारखी अखंड प्रवाळभित्ती तयार झालेली नाही. खडकांवर विखुरलेल्या वसाहतींच्या रूपात प्रवाळ वाढतात आणि गाळ व क्षारतेतील चढउतार सोसू शकणाऱ्या गोलसर किंवा खडकाला चिकटून पसरणाऱ्या जातींचेच प्राबल्य असते.

प्रमुख ठिकाणे

सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर : स्नॉर्केलिंगचे सर्वाधिक प्रचलित ठिकाण. मालवणच्या धक्क्यावरून व दांडी किनाऱ्यावरून होड्या सुटतात. किल्ल्याभोवती पाणी उथळ असून प्रवाळ, प्रवाळावर राहणारे मासे आणि समुद्रशैवाल पृष्ठभागावरून दिसू शकतात. जवळच पद्मगड हे लहान बेट आहे.

तारकर्ली व देवबाग : वाळूचा तळ असल्याने किनाऱ्यालगत प्रवाळ जवळपास नाहीत. येथे राहून होडीने खडकाळ भागाकडे जाण्याची पद्धत आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत असून तिच्या खोल तलावात समुद्रात उतरण्यापूर्वीचा सराव करता येतो.

चिवला किनारा व रॉक गार्डन : चिवला किनारा सागरी जलतरण स्पर्धांसाठी ओळखला जातो. रॉक गार्डनच्या खडकांत ओहोटीच्या वेळी पाण्याची डबकी उरतात. पोहता न येणाऱ्या अभ्यासकांना व विद्यार्थ्यांना खेकडे, शंख-शिंपले आणि शैवाले पाहण्यासाठी ती उपयुक्त आहेत.

निवती व वेंगुर्ला रॉक : भोगवे-निवतीच्या पश्चिमेस खोल समुद्रातील या खडकांवर दीपगृह असून गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. येथील पाणी तुलनेने स्वच्छ असले, तरी ते खोल आणि प्रवाही असल्याने नवशिक्यांना योग्य नाही. भारतीय नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका या परिसरात समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा प्रकल्प महामंडळाने हाती घेतला आहे.

आंग्रिया बँक : विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर असलेले हे बुडीत पठार प्रवाळांसाठी प्रसिद्ध आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ते ओळखले जाते. तथापि त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल असल्याने स्नॉर्केलिंगच्या दृष्टीने ते उपयोगाचे नाही.

हंगाम आणि भरती-ओहोटी

जलपर्यटनाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व गढूळ असल्याने प्रवासी होड्या व जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. पाणी सर्वांत निवळ असण्याची शक्यता नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात असते. तेव्हाही दृश्यमानता काही मीटरच असते आणि ती रोज बदलते.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत पाण्याची हालचाल जास्त होते व तळाचा गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, प्रवाह मंद असतो. म्हणून तिथी पाहून बेत ठरवणे हिताचे ठरते. सकाळच्या वेळी वारा कमी असल्याने पृष्ठभाग संथ मिळतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात.

जीवसृष्टी

मालवणच्या जिवंत प्रवाळांची शास्त्रीय नोंद १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. पोराइट्स, फेविटीस, गोनिअ‍ॅस्ट्रिया, टर्बिनेरिया इत्यादी प्रजाती येथे आढळतात. प्रवाळ हा दिसायला दगडासारखा असला, तरी तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असतो. या प्राण्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले अन्न त्यांना पुरवतात. पोराइट्ससारख्या गोलाकार प्रवाळाची वाढ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर एवढीच असते. टोपलीएवढा प्रवाळ वाढण्यास कित्येक दशके लागतात आणि तो मोडण्यास एक नांगर किंवा एक पाऊल पुरते.

प्रवाळांच्या आसऱ्याने फुलपाखरू मासा, पोपट मासा, पट्टेदार डॅमसेल, गोब्रा व तांबोशी हे मासे वावरतात. खडकांच्या कपारींत शेवंड व खेकडे असतात. समुद्रफूल, समुद्रकाकडी, काटेरी सी-अर्चिन आणि सरगॅसम शैवालाची दाट वाढ हीदेखील येथील वैशिष्ट्ये होत. होडीतून जाताना कधीकधी डॉल्फिनांचे दर्शन घडते.

सागरी अभयारण्य आणि मच्छीमार

मालवण सागरी अभयारण्याची घोषणा १३ एप्रिल १९८७ रोजी झाली. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यातील ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड व लगतचे बुडीत खडक यांचा आहे. उर्वरित क्षेत्र बाह्य पट्टा म्हणून गणले जाते.

या घोषणेला स्थानिक मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला. मालवणचा गाबीत समाज पिढ्यान्‌पिढ्या येथील मासेमारीवर जगतो. किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून जाळे ओढण्याची 'रापण' ही पद्धत येथे सामुदायिक स्वरूपात चालते आणि मिळालेल्या मासळीचे वाटप ठरलेल्या हिश्शांनी होते. अभयारण्याच्या नियमांमुळे हा हक्क हिरावला जाईल, ही भीती विरोधाच्या मुळाशी होती. दुसरीकडे, यांत्रिक पर्ससीन जाळी व प्रखर दिव्यांनी होणाऱ्या मासेमारीविरुद्ध याच पारंपरिक मच्छीमारांनी संघर्ष केला आहे. समुद्राचे रक्षण करावे की नाही, हा वादाचा मुद्दा कधीच नव्हता. ते कोणी आणि कोणाला विश्वासात घेऊन करावे, हा खरा प्रश्न होता.

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व महाराष्ट्र शासन यांच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील जैवविविधता प्रकल्पात २०११ नंतरच्या काळात स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग व स्कुबा मार्गदर्शनाचे प्रशिक्षण देण्यात आले. आज या व्यवसायातील अनेक होडीवाले व मार्गदर्शक मच्छीमार कुटुंबांतील आहेत. मासळीचे उत्पन्न अनिश्चित झाल्यावर पर्यटनाने त्यांना जोडधंदा दिला. परिणामी जिवंत प्रवाळ टिकणे ही त्यांच्या उपजीविकेचीही गरज बनली आहे.

सुरक्षितता

स्नॉर्केलिंगसाठी पोहता येणे अनिवार्य मानले जात नाही, मात्र पाण्याची सवय असणे इष्ट असते. परभणीसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतील पर्यटक बहुधा विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेले असतात. खाऱ्या पाण्याची घनता जास्त असल्याने समुद्रात शरीर अधिक सहज तरंगते. परंतु विहिरीत नसणारे प्रवाह, लाटा आणि भरती-ओहोटी येथे असतात व किनाऱ्याचे अंतर डोळ्यांना फसवते.

जीवरक्षक जाकीट पाण्यात आणि होडीत दोन्हीकडे घालणे, एकट्याने न उतरणे, मार्गदर्शकाच्या नजरेच्या टप्प्यात राहणे आणि होडीच्या पंख्यापासून दूर राहणे, हे मूलभूत नियम आहेत. बुडी मारण्यापूर्वी जोरजोराने श्वास घेण्याची सवय घातक असते. त्यामुळे श्वास घेण्याची जाणीव उशिरा होते व पाण्यातच शुद्ध हरपू शकते. हृदयविकार, दमा किंवा अपस्मार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरू नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कुबा डायव्हिंगहून परतणारी नौका उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेने नौकांची क्षमता, जाकिटांचा वापर आणि हंगामाच्या अखेरीचा धोका हे प्रश्न ऐरणीवर आणले.

पर्यावरणीय प्रश्न

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगमुळे मालवणच्या प्रवाळांना इजा होत असल्याचे नोंदवले आहे. प्रवाळावर उभे राहणे, छायाचित्रासाठी त्याला धरणे, त्यावर नांगर टाकणे आणि मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकणे या त्यातल्या त्यात सहज टाळता येण्याजोग्या बाबी आहेत. पावाला सोकावलेले मासे शैवाल खाण्याचे त्यांचे नेहमीचे काम कमी करतात आणि वाढलेले शैवाल प्रवाळाला झाकून टाकते.

समुद्राचे तापमान वाढल्यास प्रवाळातील शैवाले बाहेर पडतात व तो पांढरा पडतो. या विरंजनाच्या घटना मालवणमध्येही नोंदवल्या गेल्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळांचा समावेश असल्याने ते तोडणे, जवळ बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.

अन्य प्रदेशांशी तुलना

स्नॉर्केलिंगसाठी जगात कॅरिबियन बेटांची ख्याती आहे. नद्यांचा गाळ कमी असल्याने तेथील अनेक बेटांभोवती दृश्यमानता वीस मीटरांहून अधिक असते. बोनेर बेटाने १९७९ मध्ये भोवतालचा समुद्र साठ मीटर खोलीपर्यंत संरक्षित केला आणि पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून त्याची देखभाल होते. बेलीझमधील होल चान सागरी राखीव क्षेत्र मालवणप्रमाणेच १९८७ मध्ये स्थापन झाले. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांनी प्रवाळास हानिकारक रसायने असलेल्या उन्हाच्या मलमांवर २०२० पासून बंदी घातली. एवढे करूनही रोग आणि तापमानवाढ यांनी कॅरिबियन प्रवाळांची मोठी हानी झाली आहे.

भारतात लक्षद्वीपमधील अगत्ती, बंगारम व कदमत, अंदमानमधील स्वराज द्वीप व नॉर्थ बे, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळील नेत्राणी आणि गोव्यातील ग्रांद बेट ही अन्य ठिकाणे आहेत. पाण्याच्या निवळपणात मालवण लक्षद्वीप किंवा अंदमानची बरोबरी करू शकत नाही. रेल्वे व रस्त्याने पोहोचता येणे, तुलनेने कमी खर्च आणि प्रवाळांशेजारीच उभा असलेला शिवकालीन जलदुर्ग या त्याच्या जमेच्या बाजू आहेत.

पोहोचण्याचे मार्ग

कोकण रेल्वेवरील कुडाळ, सिंधुदुर्ग व कणकवली ही जवळची स्थानके आहेत. मराठवाड्यातून रस्त्याने सोलापूर व कोल्हापूरमार्गे येऊन फोंडा किंवा करूळ घाटाने कोकणात उतरता येते. चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला.

हेही पहा

सिंधुदुर्ग किल्ला
मालवण
तारकर्ली
प्रवाळ
आंग्रिया बँक
रापण