नाक नवे, पथ्य जुने

रूप सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यायची ठरली की माणसं डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात : खर्च किती येईल आणि व्रण दिसेल का? खायचं काय, हा प्रश्न बहुधा घरी परतल्यावर आठवतो, आणि तो डॉक्टरांऐवजी शेजारच्या काकूंना विचारला जातो. खरं म्हणजे हा प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. त्याचा इतिहास आज थोडक्यात सांगतो.

'सुश्रुतसंहिते'च्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याचा आहे. कानाची भोकं मोठी करण्याची तेव्हा हौस होती. त्यात पाळी फाटली तर ती सांधायच्या पंधरा रीती सुश्रुत सांगतो. त्याच अध्यायाच्या शेवटी कापलेलं नाक नव्यानं घडवण्याची कृती येते. पण मला नेहमी गंमत वाटते ती पथ्याची. पाळी सांधल्यावर धक्का लागू देऊ नका, दिवसा झोपू नका, व्यायाम नको, फार बोलू नका, आणि अति जेवू नका! नाकाच्या रोग्याला पहिलं अन्न नीट पचल्यावर तूप पाजायचं आणि मग रेचक द्यायचं.

पुढच्याच, सतराव्या अध्यायात तो म्हणतो की शस्त्र लावण्याआधी रोग्याला जेवू घाला, आणि पिणारा असेल तर कडक मद्य पाजा. कारणही देतो. पोटात अन्न असलेला माणूस मूर्च्छा येऊन पडत नाही आणि मद्य प्यायलेल्याला शस्त्र कळत नाही. भूल नव्हती, तेव्हा हा हिशेब अगदी व्यवहारी होता. मात्र मुखरोग, मूळव्याध, मुतखडा, भगंदर यांच्या शस्त्रक्रिया उपाशीपोटी करायच्या, हा अपवादही त्यानंच नोंदवून ठेवला आहे.

या विद्येचा एक धागा आपल्या पुण्याशी जुळतो. इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिची हकिगत छापून आली आणि 1814 साली जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तीच रीत वापरली. त्या हकिगतीत कातडी मापायला मेण लावलं, जखमेवर भिजवलेल्या काताच्या पट्ट्या ठेवल्या, चार दिवसांनी तुपाची पट्टी ठेवली, पाच-सहा दिवस रोग्याला उताणं निजवलं, असं सगळं बारकाईनं आलं आहे. कावसजी त्या दिवसांत काय जेवला, याचा मात्र एक शब्द नाही. साहेबांना जेवणात रस नव्हता, दुसरं काय!

1846 साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली आणि सुश्रुताचा हिशेब उलटला. बेशुद्ध माणसाला खोकता येत नाही. पोटातलं वर आलं तर थेट फुफ्फुसात जातं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 साली 44,016 बाळंतपणांचा आढावा घेतला, त्यात असं 66 जणींच्या बाबतीत घडलं होतं. पुढे जगभर 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही' हा नियम रूढ झाला. तो गरजेपेक्षा कडक होता. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं 1999 मध्ये सांगितलं, की निरोगी माणसानं हलकं खाणं सहा तास आधी थांबवावं. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. पण वजन उतरवायला सेमाग्लुटाईडसारखी इंजेक्शनं घेणाऱ्यांचं पोट उशिरा रिकामं होतं. रूपाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत अशी मंडळी असतातच. त्यांनी ते भूलतज्ज्ञांपासून लपवू नये.

उपाशी राहण्याचा दुसरा प्रकार अधिक घातक. शस्त्रक्रियेच्या आधी बारीक दिसायचं म्हणून कित्येक जण महिना-दोन महिने अन्न तोडतात. क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली यांनी 1936 मध्ये जठरव्रणाच्या रोग्यांची नोंद छापली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचं वजन पाचव्या हिश्शाहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले 33 टक्के दगावले; इतरांमधले साडेतीन टक्के. नाकाच्या शस्त्रक्रियेला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरं. पण जखम भरायला लागणारं प्रथिन शरीर कुठून आणणार?

आणि क जीवनसत्त्व? बॉस्टनचे तरुण सर्जन जॉन क्रॅन्डन यांनी 1939 मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. क जीवनसत्त्व अजिबात नसलेलं अन्न ते महिनोन्महिने खात राहिले. तीन महिन्यांनी पाठीवर घेतलेला छेद नीट भरला. सहा महिन्यांनी घेतलेला वरून मिटलेला दिसला, आत मात्र तसाच होता. क जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिल्यावर तो भरून आला.

आता आपल्या घरी या. टाके पडले की आंबट बंद. आंबट खाल्लं की पू होतो, म्हणून लिंबू, आवळा, संत्रं सगळंच ताटातून जातं. या समजुतीचं मूळ सुश्रुतातही सापडतं. एकोणिसाव्या अध्यायात जखमेच्या रोग्याला आंबट, खारट, तिखट, उडीद, दूध, दही वर्ज्य आहे. दूध-दह्याबद्दल आजचे आहारतज्ज्ञ त्याच्याशी सहमत होणार नाहीत, मीही होत नाही. पण त्याच अध्यायात काय खावं तेही आहे. जुन्या तांदळाचा ऊन भात, तूप, मुगाचं कढण, तांदुळजा, चाकवत, पडवळ, कारलं, कोवळा मुळा. आणि या भाज्या डाळिंब व आवळा घालून तुपात परताव्यात, असं तो स्वच्छ सांगतो. आंबट नको म्हणणाऱ्यानंच आवळा राखून ठेवला आहे. तेवढी ओळ आपल्या घरांपर्यंत का पोचली नाही कोण जाणे. वरण-भातावर लिंबू पिळायला घेतलं, की काकू अजून हात धरतात.